गरम झाल्यावर जाणारा करंट : सोलापुरातील एका मोटारसायकलच्या इग्निशनचे प्रकरण

प्रकरणातील गाडी १०० सीसीची, चार स्ट्रोकची आणि कार्बोरेटरची आहे. तिचा मालक सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांवरून टॉवेल-चादरींचे गठ्ठे उचलून नवी पेठेतील दुकानांत पोहोचवतो. त्यामुळे गाडी दिवसभर ओझ्याखाली, कमी वेगात आणि गर्दीत चालते. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला, तेव्हा तक्रार सुरू झाली. सकाळी पहिल्या किकला सुरू होणारी गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालली की मिसिंग मारू लागे आणि मग एकाएकी बंद पडे. त्यानंतर कितीही किका मारल्या तरी ती दाद देत नसे. सावलीत अर्धा-पाऊण तास उभी केली की मात्र पुन्हा काही झालेच नाही अशी चालू लागे.

गाडी तपासणीला आली तेव्हा तिच्यावर बरेच उपचार होऊन गेले होते. प्लग नवा होता, एच.टी. कॉइल (प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी कॉइल) कॅपसह बदललेली होती आणि मूळ सीडीआय युनिट (नेमक्या क्षणी त्या कॉइलला विजेचा झटका देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) काढून त्याच्या जागी बाजारात मिळणारे दुसरे बसवलेले होते. एका ठिकाणी तर बॅटरीही बदलायला सांगितले होते आणि मालकाने ती बदलली होती. या शेवटच्या सल्ल्याला काहीच आधार नव्हता, कारण या गाडीची इग्निशन बॅटरीवर चालतच नाही. मालकाने काढलेले सगळे जुने भाग पिशवीत घालून सोबत आणले होते आणि ते पुढे उपयोगी पडले.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत आधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे पेट्रोल थांबते की करंट थांबतो. टाकीच्या झाकणातील हवेचे भोक बुजले, तरी गाडी काही वेळ चालून बंद पडते आणि विश्रांतीनंतर सुरू होते. लक्षण हुबेहूब असेच असते. म्हणून बंद पडलेल्या क्षणीच तपासणी व्हावी, या हेतूने गाडीवर नेहमीचे ओझे लादून होटगी रोडवर फेरी मारण्यात आली आणि बंद पडताच जागेवरच दुसरा प्लग कॅपमध्ये घालून, त्याची धातूची बाजू इंजिनला घट्ट टेकवून किक मारण्यात आली. ठिणगी दिसली नाही. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केल्यावर पेट्रोल व्यवस्थित वाहत होते. दोष विजेच्या बाजूचा आहे, एवढे तेथे निश्चित झाले.

ही चाचणी करताना प्लगची धातूची बाजू इंजिनला खरोखर चिकटलेली असणे आवश्यक आहे. प्लग अधांतरी ठेवून किका मारल्या तर उच्च दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि एच.टी. कॉइलच्या आतील इन्सुलेशनवर नाहक ताण येतो. शिवाय उघड्या हवेत ठिणगी दिसली म्हणून सिलिंडरमध्येही ती पडतेच असे नाही, कारण दाबलेल्या मिश्रणात तेवढीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. ठिणगी न दिसणे हा पुरावा धरता येतो. ठिणगी दिसणे हा नुसता अंदाज आहे.

कोणत्या तारेवर कोणते व्होल्टेज

या गाडीतील सीडीआय एसी प्रकारचे आहे. इंजिनच्या डाव्या कव्हराखाली मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या आतील स्थिर प्लेटवर वेगवेगळ्या कॉइल असतात. दिव्यांची आणि चार्जिंगची कॉइल जाड तारेची असते. इग्निशनसाठीची एक्सायटर कॉइल मात्र अतिशय बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांची असते आणि तिच्यातून शंभर ते काहीशे व्होल्टचा एसी दाब निघतो. हा दाब सीडीआयमधील डायोडमार्गे (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) एका कपॅसिटरमध्ये साठतो. त्या कपॅसिटरची क्षमता साधारण १ मायक्रोफॅरडच्या आसपास असते. मॅग्नेटच्या बाहेरील उंचवटा पिकअप कॉइलसमोरून गेला की त्या कॉइलमध्ये एक छोटा स्पंद उठतो, तो सीडीआयमधील एससीआरला (इलेक्ट्रॉनिक स्विचला) चालू करतो आणि साठलेला सगळा दाब एका झटक्यात एच.टी. कॉइलच्या प्रायमरीमध्ये (आत येणाऱ्या बाजूच्या वेढ्यांत) रिकामा होतो. तेथून पुढे सेकंडरीला (प्लगकडील वेढ्यांना) हजारो व्होल्ट तयार होतात.

दिवे आणि हॉर्न व्यवस्थित चालू होते, म्हणून आधीच्या मिस्त्रींनी मॅग्नेटकडे पाहिलेच नव्हते. दोन्ही कॉइल एकाच प्लेटवर असल्या तरी त्यांचे वेढे स्वतंत्र असतात आणि एकीच्या प्रकृतीवरून दुसरीचा निष्कर्ष काढता येत नाही. मॅग्नेटला हात न लागण्याचे दुसरे कारण साधे आहे : तेथे पोहोचायला कव्हर उघडावे लागते, पुलर (खेचून काढण्याचे अवजार) लावून मॅग्नेट काढावा लागतो, आणि सीडीआय बदलायला मात्र फक्त एक सॉकेट ओढावे लागते.

होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अशा इग्निशनच्या चाचणीसाठी पीक व्होल्टेजच्या, म्हणजे लहरीच्या शिखरावरील दाबाच्या, किमान मर्यादा दिलेल्या असतात. प्रायमरीला किमान १०० व्होल्ट, एक्सायटर कॉइलला किमान १०० व्होल्ट आणि पिकअप कॉइलला किमान ०.७ व्होल्ट असे आकडे त्यांत वारंवार आढळतात. इतर उत्पादकांचे आकडे थोडे वेगळे असले, तरी तपासणीचा मार्ग तोच राहतो. डीसी सीडीआयमध्ये एक्सायटर कॉइल नसते, तेथे युनिट बॅटरीच्या १२ व्होल्टवरून उच्च दाब स्वतःच तयार करते आणि म्हणून पहिली तपासणी बॅटरी, चावी आणि त्यांच्यामधील सॉकेट यांची करावी लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर आलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) असतो. या प्रकरणातील आकडे त्यांना लावू नयेत.

साध्या मीटरने काय दिसते आणि काय दिसत नाही

यापूर्वी एका गॅरेजमध्ये मीटर एसी रेंजवर लावून एक्सायटरच्या तारेवर किक मारण्यात आली होती. तेव्हा मीटरवर तीस-चाळीसच्या आसपास काहीतरी दिसले, तेही दर किकेला निराळे, आणि "मालक, कॉइल बरोबर आहे" असा निर्वाळा मिळाला. तो आकडा ना बरोबर म्हणण्याजोगा होता, ना चूक म्हणण्याजोगा. नेहमीचा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि एसी रेंजवर सरासरी काढून ती शुद्ध साइन लहरीच्या हिशेबाने दाखवतो. किकचा जोर क्षणभर टिकतो, लहर साइनसारखी नसते आणि कपॅसिटर भरतो तो लहरीच्या शिखरावर, सरासरीवर नव्हे. त्यामुळे जे मोजायला हवे ते मीटरपर्यंत पोहोचतच नाही.

यावरचा उपाय म्हणजे पीक व्होल्टेज अडॅप्टर. तो विकत मिळतो, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातील सुट्या भागांतून तयारही करता येतो. एक डायोड, त्यापुढे ६३० व्होल्टचा ०.१ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर, आणि त्या कपॅसिटरवर डीसी रेंजमधील मीटर, एवढीच त्याची रचना आहे. मीटरचा आतील रोध किमान १० मेगाओहम हवा. तेवढा असेल तर १० मेगाओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मिळून सुमारे एका सेकंदाचा कालांक (दाब ओसरण्याचा वेळ) होतो, म्हणजे शिखर वाचायला पुरेसा वेळ मिळतो. कमी रोधाचा स्वस्त मीटर लावला, तर आकडा दिसण्याआधीच ओसरतो.

येथे मोठा कपॅसिटर घालून आकडा जास्त वेळ धरून ठेवण्याचा मोह होतो. एक्सायटरच्या तारेवर ते एकवेळ चालेल. पण प्रायमरीवर मोजताना सीडीआयचा स्वतःचा कपॅसिटरच १ मायक्रोफॅरडच्या घरातला असल्याने अडॅप्टरमध्येही तेवढाच घातला, तर दोघे दाब वाटून घेतील आणि निरोगी गाडीसुद्धा आजारी दिसेल. डायोडही जलद जातीचा, उदाहरणार्थ यूएफ४००७, घ्यावा. १एन४००७ हजार व्होल्ट सोसतो खरा, पण प्रायमरीच्या तीक्ष्ण स्पंदासाठी तो मंद पडतो.

पिकअप कॉइलबाबत या घरगुती अडॅप्टरची एक मर्यादा आहे. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्ट स्वतःच खातो. जेथे किमान मर्यादाच ०.७ व्होल्ट आहे, तेथे आकड्यात ही भर घातल्याशिवाय तो वाचण्यात अर्थ नाही, आणि आकडा मर्यादेच्या अगदी जवळ आला तर या अडॅप्टरच्या भरवशावर निर्णय देऊ नये.

जोडणीची दिशा हा गोंधळाचा आणखी एक विषय आहे. कपॅसिटर भरताना त्याची डायोडकडील बाजू धन होते आणि प्रायमरीकडील बाजू प्रायमरीमार्गे बॉडीला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते. एससीआर चालू होताच धन बाजू एकदम बॉडीला जोडली जाते, त्यामुळे दुसरी बाजू बॉडीच्या खाली, ऋण दिशेला ढकलली जाते. म्हणून अशा सीडीआयमध्ये प्रायमरी मोजताना अडॅप्टरची धन तार बॉडीला आणि ऋण तार एच.टी. कॉइलच्या टर्मिनलला लावावी लागते. उलट लावली तर जेमतेम काही व्होल्ट दिसतात आणि चांगले सीडीआय भंगारात जाते.

सेकंडरीच्या, म्हणजे प्लगच्या तारेवर मीटर कधीही लावू नये, मीटर जळतो. प्रायमरीवरचा झटकाही हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. मोजताना तारा आधी क्लिपने पक्क्या कराव्यात, हात दूर घ्यावा आणि मगच किक मारावी.

थंड गाडीचे आणि गरम गाडीचे आकडे

पहिली मोजणी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना झाली. प्लग आपल्या जागी घट्ट होता, म्हणजे कॉम्प्रेशन पूर्ण होते, आणि ठिणगीसाठी दुसरा प्लग कॅपमध्ये घालून बॉडीला टेकवलेला होता. दर किकेचा जोर सारखा नसतो, म्हणून काही किकांमधील सर्वांत मोठा आकडा ग्राह्य धरण्यात आला. प्रायमरीला १३२ व्होल्ट मिळाले. एक्सायटरच्या तारेवर सीडीआय जोडलेले असताना १४८ आणि सॉकेट काढून मोकळ्या तारेवर १७६ व्होल्ट मिळाले. पिकअपला २.६, म्हणजे डायोडची भर धरून सुमारे ३.२ व्होल्ट होते. हे सर्व आकडे निर्दोष आहेत आणि थंड गाडी जिथे जिथे तपासली गेली, तिथे तिथे ती सुटून का गेली, याचे उत्तरही त्यांतच आहे.

त्यानंतर गाडी ओझ्यासह फिरवून बंद पडेपर्यंत तापवण्यात आली आणि तारा आधीच जोडून ठेवल्यामुळे ती बंद पडताच मोजणी करता आली. डाव्या कव्हराचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरवर ८८ अंश होते. प्रायमरीचा आकडा १३२ वरून ३१ वर आला होता. कपॅसिटरमधील ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे दाब चौथ्या हिश्श्यापेक्षाही खाली गेल्याने ठिणगीला मिळणारी ऊर्जा जवळजवळ अठराव्या हिश्श्यावर आली होती. ठिणगी न दिसण्यात नवल नव्हते.

आता मागे मागे जायचे होते. पिकअप २.४ व्होल्ट देत होती, म्हणजे ती जवळपास होती तशीच होती. एक्सायटरच्या तारेवर सीडीआय जोडलेले असताना ४४ व्होल्ट मिळाले. या टप्प्यावर दोन शक्यता उरतात : एक तर कॉइल दाब देत नाही, किंवा देते, पण पुढे काहीतरी तो ओढून घेते. सीडीआयचे सॉकेट काढून मोकळ्या तारेवर मोजले असता ५३ व्होल्ट मिळाले. सीडीआय दाब खात असते तर ते सुटताच आकडा थंड अवस्थेतील १७६ कडे झेपावला असता. तो झेपावला नाही, म्हणून सीडीआय निर्दोष ठरले.

चावीची तार अजून राहिली होती. अशा गाडीत चावी बंद केल्यावर सीडीआयची काळी-पांढरी तार बॉडीला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. हीच तार हँडलच्या गळ्याशी घासून उघडी पडली, तर चावी चालू असतानाही ती अधूनमधून बॉडीला लागते आणि हुबेहूब असाच दोष निर्माण करते. ती सीडीआयपाशी सोडवून पुन्हा मोजले, तरी प्रायमरीवर काही फरक पडला नाही. ही तार सोडवल्यावर गाडी चावीने बंद होत नाही, हे किक मारणाऱ्याला आधी सांगून ठेवावे. तारांचे रंग उत्पादकागणिक बदलतात, म्हणून रंगावर विसंबण्यापेक्षा त्या गाडीचा वायरिंग नकाशा पाहिलेला बरा. शेवटी मॅग्नेटच्या स्वतःच्या सॉकेटवर, म्हणजे मधली सारी वायरिंग वगळून, मोजणी झाली आणि तेथे ५४ व्होल्ट मिळाले. दोष कव्हराच्या आत होता.

पडताळा म्हणून थंड इंजिनवर फक्त सीडीआय, आणि नंतर फक्त एच.टी. कॉइल, केस वाळवण्याच्या ड्रायरने तापवून प्रायमरी मोजण्यात आली. आकडा हलला नाही.

रेंजमध्ये असूनही चुकलेला रोध

या प्रकरणातील सर्वांत बोधक आकडा व्होल्टचा नव्हे, ओहमचा आहे. एक्सायटर कॉइलचा रोध थंड अवस्थेत, २८ अंशांना, १८६ ओहम होता. गाडी गरम होऊन बंद पडल्यावर तोच १७२ ओहम मिळाला. अशा कॉइलसाठी ५० ते २५० ओहम ही मर्यादा सर्वसाधारणपणे वापरली जाते आणि तिच्या हिशेबाने दोन्ही आकडे उत्तीर्ण आहेत. रोध मोजून कॉइलला चांगली म्हणणारा मिस्त्री येथे नियमाप्रमाणेच वागत असतो.

पण तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.३८ टक्के. २८ वरून ८८ अंशांपर्यंत ६० अंशांची वाढ झाली, म्हणजे निरोगी कॉइलचा रोध २३ टक्क्यांच्या आसपास वाढून २२८ ओहमपर्यंत जायला हवा होता. तो वाढला नाही, उलट १४ ओहमने उतरला. याचा एकच अर्थ होतो : गरम झाल्यावर तारेचा काही भाग परिपथातून बाद होतो, वेढ्यांवरचे इनॅमल (विद्युतरोधक लेप) मऊ पडून शेजारचे थर एकमेकांना टेकतात. अशा वेळी नुकसान फक्त तेवढ्या वेढ्यांपुरते राहत नाही. टेकलेल्या वेढ्यांचे एक बंद कडे तयार होते, त्यात वाहणारा प्रवाह चुंबकीय क्षेत्रालाच विरोध करतो, आणि त्यामुळे रोध अपेक्षेपेक्षा चौथ्या भागाने कमी दिसत असताना दाब मात्र तिसऱ्या हिश्श्याखाली जातो. ओहम मोजून हा दोष निसटतो तो यामुळेच.

प्लेट काढून टेबलावर घेतल्यावर हे डोळ्यांनी पाहता आले. मीटर ओहमवर लावून ड्रायरची झोत कॉइलवर धरली. आकडा १८६ वरून सावकाश चढत गेला; १९५, २०७, २१८, २१९, आणि तेथून एकदम १६६. ड्रायर बाजूला घेतल्यावर काही मिनिटे तो तिथेच अडकून राहिला आणि मग तितक्याच अचानक वर उडाला. कॉइलच्या ज्या कोपऱ्यावर टेप आकसलेली होती, तेथे खालचे वॉर्निश तांबूस-काळे झालेले होते. बाकी कॉइल पाहून कोणालाही शंका आली नसती.

दुरुस्ती

सोलापुरात यंत्रमागांच्या मोटारी रिवाइंड करणारे कसबी कारागीर पुष्कळ आहेत, आणि मालकाचा पहिला आग्रह स्वाभाविकपणे कॉइल रिवाइंड करून घेण्याचा होता. ते अशक्य नाही. मात्र मोटारीची तार आणि या कॉइलची केसासारखी तार यांत मोठे अंतर आहे. वेढे मोजून, थराथरात इन्सुलेशन घालून आणि शेवटी वॉर्निश आतपर्यंत मुरवून भट्टीत भाजले नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात हाच दोष परत येतो. दिवसभर ओझे वाहणाऱ्या गाडीला ते धोक्याचे वाटले, म्हणून सबंध नवी प्लेट बसवण्याचा निर्णय झाला. बसवताना तार मॅग्नेटला घासणार नाही अशी तिच्या क्लिपमध्ये दाबली आणि सॉकेटमधील हिरवट पडलेल्या पिना घासून स्वच्छ केल्या.

नवी प्लेट बसवल्यावर पुन्हा थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत मोजणी झाली, कारण दोष गरम अवस्थेतला असताना थंड गाडीच्या आकड्यांवर काम संपले असे म्हणता येत नाही. थंड असताना एक्सायटरला सीडीआयसह १५६ व्होल्ट मिळाले. दुपारच्या उन्हात ओझ्यासह सात रस्त्यापर्यंत जाऊन-येऊन, कव्हर ९० अंशांच्या आसपास तापलेले असताना १४१ मिळाले, आणि कॉइलचा रोध हिशेबाप्रमाणे वाढलेला होता. एवढी घट तांब्याच्या वाढलेल्या रोधाची आणि गरम मॅग्नेटची आहे. ती दोष नव्हे.

मालकाच्या पिशवीतील जुने भागही त्याच दिवशी तपासण्यात आले. मूळ सीडीआय लावल्यावर प्रायमरीला गरम अवस्थेत १२९ व्होल्ट मिळाले, आणि नंतर विकत घेतलेल्या युनिटवर ११४. दोन्ही पास आहेत, पण मूळ युनिट सरस असल्याने तेच गाडीवर ठेवले. जुनी एच.टी. कॉइलही व्यवस्थित निघाली. ती, दुसरे सीडीआय आणि एक प्लग हे साइड कव्हरच्या आत टायने बांधून मालकाच्या स्वाधीन केले.